रद्दी, डिंक आणि वाशी टेप

आज एक मत मांडायचं आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना माझ्याशी भांडत भांडत पुढचं वाचता येईल. चिकटवही करायची असेल तर डिंक नवा आणा, कात्री नवी आणा, वही तर चांगली जाड आणि नवीच आणा. कागद मात्र घरातला वापरा. आणि चिकटवलेल्या कागदाखाली स्वतःच्या हाताने चार ओळी लिहायचा कंटाळा असेल, तर या भानगडीत पडूच नका. भरतकाम करा, विणकाम करा, त्यात लिहावं लागत नाही.

चिकटवही म्हणजे हल्ली ज्याला सगळे स्क्रॅपबुक म्हणतात ती. शाळेत आम्ही चिकटवहीच म्हणायचो. पक्ष्यांची चिकटवही, पानांची चिकटवही, पुढाऱ्यांच्या फोटोंची चिकटवही. मी मराठी शिकवायची, पण कार्यानुभवाचा तास हमखास माझ्या गळ्यात पडायचा, त्यामुळे घोटीव कागद, क्रेप कागद, कार्डशीट या सगळ्यांशी माझी तीसेक वर्षांची ओळख आहे. चाळीस मुलं, दहा कात्र्या आणि खळीचा एक वाडगा एवढ्या भांडवलावर आम्ही तोरणं केली, आकाशकंदील केले, भित्तिपत्रकं केली. (केसांना खळ लागलेली मुलं घरी गेली की दुसऱ्या दिवशी त्यांच्या आया भांडायला यायच्या, तो भाग वेगळा.)

निमित्त झालं ते नातीचं. नात आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून साताऱ्याला आली ती एक खोकं घेऊनच. ऑनलाइन मागवलेलं, ७९९ रुपयांचं. किंमत मी विचारली नव्हती, खोक्यावरच होती. आत काय नव्हतं? काळी पानं असलेली जाड वही, टिकल्या, चमकी, लेसचे तुकडे, कागदाची फुलं, रबरी शिक्के, शाईच्या दोन डब्या, नक्षीदार कडा कापणारी कात्री, ‘बेस्ट डे एव्हर’ असं छापलेले स्टिकर आणि वाशी टेपची बारा रिळं. मला आपलं वाटलं, वाशीला होते ती वाशी टेप, म्हणजे नव्या मुंबईत कुठे तरी कारखाना असेल. नात अर्धा तास हसत होती. वाशी म्हणजे जपानी पद्धतीचा हातकागद, हे तिने मला शिकवलं. मग मीही थोडं वाचलं. जपानातल्या कुराशिकी गावची एक कंपनी १९२३ मध्ये सुरू झाली ती माश्या पकडायचे चिकट कागद करण्यासाठी. पुढे ती रंगाऱ्यांना लागणारी कागदी टेप करू लागली. २००६ मध्ये काही कलाकार बायकांनी कंपनीला विचारलं, आम्हाला कारखाना बघू द्याल का, आणि या टेपा रंगीबेरंगी करून द्याल का. २००८ मध्ये त्या बाजारात आल्या. माश्यांच्या कागदापासून निघालेली वस्तू माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन पोचली, याचं मला फार कौतुक वाटलं. शिवाय ती टेप कागद न फाडता हळूच निघते, म्हणजे मुलांच्या चुका दुरुस्त होतात. तेव्हा वाशी टेपला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

पण त्याच खोक्यात एक पाकीट होतं, त्यावरून आमचं वाजलं.

पाकिटात साठ कागद. सगळ्यांच्या कडा जळल्यासारख्या, रंग चहा सांडल्यासारखा. कशावर परक्या भाषेतलं तिरकं हस्ताक्षर, कशावर आयफेल टॉवरचं चित्र, कशावर पोस्टाचा गोल शिक्का. नात म्हणाली, “आजी, हे व्हिंटेज आहे.” मी हातात घेऊन पाहिलं. गुळगुळीत, करकरीत, छापखान्याचा वास येणारा कागद. कुणी कुणाला न लिहिलेली पत्रं, कुणीही प्रवास न केलेली तिकिटं. आणि ज्या खोलीत बसून आम्ही हे बघत होतो तिच्या माळ्यावर पत्र्याची ट्रंक भरून खरी पत्रं पडलेली! घरात धान्याची कणगी भरलेली असताना प्लॅस्टिकची कणसं विकत आणण्यातलाच हा प्रकार.

नातीला मी रागावले नाही. तिला ट्रंकेत काय आहे हे माहीतच नव्हतं. तिच्या आईलाही धड माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाला माळ्यावर चढवून ट्रंक खाली घेतली. त्याआधी दोन वेळा पुसून घेतली, तरी डांबराच्या गोळ्यांच्या वासाने वन्संना शिंका सुरू झाल्या.

ट्रंकेत काय निघालं ते सगळं सांगत बसले तर लेख संपणार नाही. लग्नपत्रिका, कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं लागलेल्या. निळी आंतर्देशीय पत्रं, ज्यांत जागा संपली की मजकूर कडेने फिरत फिरत घडीच्या पट्टीवर चढायचा आणि वाचणाऱ्याला पत्र गोल फिरवावं लागायचं. मनीऑर्डरचे तुकडे. एसटीची रंगीत तिकिटं, कंडक्टरच्या पेटीतली, चिमट्याने भोकं पाडलेली. दोन तारा. (तारेची सेवा १४ जुलै २०१३ ला शेवटची चालली. ‘तार आली’ म्हटल्यावर घरात चूल विझल्यासारखी शांतता व्हायची, हे नातीला समजावताना मला पुरेसे शब्द सापडले नाहीत.) पेढ्याच्या खोक्याचं एक झाकणही निघालं, मागच्या बाजूला कुणी तरी किराणा लिहिलेला.

आणि कालनिर्णयची पानं. आमच्या ह्यांना सवय होती, वर्ष संपलं की कॅलेंडर टाकायचं नाही. मागच्या बाजूला लेख असतात, पाककृती असतात, आणि काही नाही तर कपाटाच्या फळीवर अंथरायला होतं. त्यातलं एक पान १९८६ च्या मे महिन्याचं. चौकटीचौकटीत ह्यांचं बारीक अक्षर. ‘दूध २’, ‘खाडा’, ‘खाडा’, ‘गॅस लावला’, ‘बाई नाही’, ‘लाइट बिल’. १८ तारखेला ‘पाहुणे ५, दूध ३’. आणि २२ तारखेला नुसता एक शब्द, ‘दात’.

माझी लेक ते पान हातात घेऊन उभी राहिली. ती तेव्हा सहा वर्षांची होती, पहिला दात पडला होता. हे फार बोलणारे नव्हते. मुलीचं कौतुक तोंडाने केल्याचं मला आठवत नाही. गॅस आणि लाइट बिलाच्या मध्ये त्यांनी ते लिहून ठेवलं होतं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. लेक म्हणाली, “आई, हे पान मला हवं.” मी म्हटलं, घे. त्या साठ कागदांच्या पाकिटात असं काही सापडणं शक्य आहे का, सांगा मला.

इथे माझ्या दिरांचं मत नोंदवायला हवं, कारण ते हे वाचणार आहेत. भावजींचं म्हणणं असं की वहिनी, हा सगळा पसारा आहे. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा आणि रद्दी द्या. घरं लहान झाली, माळे राहिले नाहीत, कागदाला कसर लागते, वाळवी लागते. त्यांचं सगळंच चूक आहे असं नाही. प्रत्येक बिल जपून ठेवणारी माणसंही मी पाहिली आहेत, त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. पण आमच्या चुलत घरी वाडा पाडून इमारत झाली तेव्हा दोन पोती कागद किलोवर गेले. जाताना कुणी आत डोकावलंसुद्धा नाही. फोटो काढून ठेवू म्हणणारेही तेच होते. सगळं ठेवणं आणि सगळं देणं या दोन्हीतून सुटका चिकटवही करते, कारण तिची पानं मोजकी असतात. आमच्या वहीत चाळीस पानं आहेत. चाळीस पानांत मावेल ते निवडा, बाकीचं खुशाल रद्दीत द्या. निवडताना प्रत्येक कागद एकदा तरी वाचला जातो, हेच त्यातलं मोठं काम.

आता थोडं शिक्षकी करते, नाइलाज आहे.

चिकटवायचं कशाने, यावर आमच्या पिढीचा अनुभव मोठा आहे आणि बराचसा कडू आहे. खळ आम्ही घरी करायचो. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर घोटायचा आणि चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे किडे लागत नाहीत. मोरचूद विषारी, तेव्हा लहान मुलं असलेल्या घरात हा प्रयोग नको. खळीचा गुण असा की पाण्याचा हात लावला की ती सुटते. दोष असा की मोरचूद कमी पडला तर कसर जेवायला येते. पांढरा फेव्हिकॉल लाकडाला उत्तम, पण पातळ कागद त्याने आक्रसतो आणि एकदा वाळला की पुन्हा निघत नाही. सेलोटेप तर कागदाची वैरीण. दहा-वीस वर्षांत पट्टी गळून पडते आणि तपकिरी डाग तेवढा राहतो. नंतर ते चिकट पानांचे अल्बम आले, वर प्लॅस्टिकचा पडदा असलेले, सत्तर-ऐंशीच्या दशकात घरोघरी लग्नात आहेर म्हणून यायचे. त्यांची पानं पिवळी पडली आणि फोटो त्यांत घट्ट बसले. असे फोटो ओढून काढू नका. शिवणाचा बारीक दोरा दोन्ही हातांत ताणून धरायचा आणि फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवायचा. बहुतेक वेळा फोटो सुटतो. याउलट त्याआधीचे काळ्या पानांचे अल्बम आठवा, चार कोपऱ्यांना कागदी त्रिकोण आणि मध्ये बटर पेपर. त्यातले फोटो अजून जसेच्या तसे आहेत, कारण फोटोला डिंक लागलेलाच नाही. तसे त्रिकोण आजही मिळतात, आणि नाहीच मिळाले तर जुन्या पाकिटाचा कोपरा कापला की झाला त्रिकोण. नव्या सामानातली दुसरी आवडलेली वस्तू म्हणजे डिंकाची कांडी. कागद ओला होत नाही, बोटं स्वच्छ राहतात. शाळेत असताना मिळाली असती तर किती आयांचे शिव्याशाप वाचले असते.

कागदाचंही तसंच. वर्तमानपत्राचा कागद पिवळा का पडतो, तर तो लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्या लगद्यात लिग्निन नावाचं द्रव्य राहून गेलेलं असतं. हवा आणि उजेड लागला की ते करपतं. पुण्यात पेशवे दप्तरात दोनअडीचशे वर्षांपूर्वीचे कागद आहेत, त्यांतले कितीतरी अजून हाताळता येतात, कारण तो जुना हातकागद. जुन्नरचा कागद, दौलताबादचा कागद अशी त्याला गावांची नावं होती. पुण्याच्या शिवाजीनगरला १९४० मध्ये हातकागद संस्था सुरू झाली, तिथेही कापडाच्या कातरणांपासून कागद करत. नोकरीत असताना तिथून आणलेले काही ताव माझ्याकडे अजून आहेत, पांढरेच्या पांढरे. त्यामुळे वर्तमानपत्रातलं कात्रण लावायचं असेल तर त्याची झेरॉक्स लावा. आणि हल्लीची बिलं, एसटीच्या मशिनमधून निघणारी तिकिटं यांची तर आजच्या आज झेरॉक्स काढा. तो उष्णतेने छापलेला कागद असतो. शाई नसतेच त्यावर. काही वर्षांत कोरा होतो. नातीने तिचं पहिल्या एकटीच्या प्रवासाचं तिकीट जपून ठेवलं होतं, पुणे ते सातारा. दीड वर्षात त्यावरची तारीख पुसट झाली. माझं कॉलेजच्या वेळचं पंच मारलेलं तिकीट शेजारी ठेवलं तर ते स्पष्ट. हे बघून तिचा चेहरा पडला. मग त्या तिकिटाची झेरॉक्स काढली, पुसट झालेली तारीख तिने पेनाने लिहिली आणि खाली लिहिलं, ‘खिडकी मिळाली नाही.’

हा स्क्रॅपबुकचा छंद अमेरिकेतून आला म्हणून नाक मुरडणारे काही जण आहेत. आजची ती नटवी तऱ्हा तिकडची, हे खरं. मार्क ट्वेनने, म्हणजे टॉम सॉयरच्या लेखकानेच, आधीच डिंक लावून ठेवलेल्या पानांच्या चिकटवहीचं पेटंट १८७३ मध्ये घेतलं होतं. पान ओलं करायचं की कागद चिकटला. आणि १९८० मध्ये युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला वंशावळी आणि नोंदींसंबंधी जागतिक परिषद भरली होती, तिथे मॅरिलेन क्रिस्टेन्सन नावाच्या बाईंनी आपल्या कुटुंबाच्या पन्नासेक वह्या मांडल्या. आजच्या छंदाची सुरुवात तिथून धरतात. बघा, त्या बाईंचाही उद्देश कुटुंबाची नोंद ठेवणं हाच होता. टिकल्या आणि चमकी मागून आली. मागून आलेल्यांनी घर बळकावलं, एवढीच माझी तक्रार आहे.

या घर बळकावण्याचा नमुना म्हणजे ते छापील स्टिकर. ‘बेस्ट डे एव्हर.’ नातीच्या मैत्रिणीच्या वहीत मी तो तीन पानांवर पाहिला. एक दिवस महाबळेश्वरचा, एक वाढदिवसाचा, एक कुणाच्या तरी मुंजीचा. सगळे दिवस सर्वांत चांगले, आणि त्यांतल्या एकाही दिवशी काय झालं ते पानावर नाही. कोण कोण होतं, पाऊस होता का, कोण रुसलं, फोटो कुणी काढला? फोटो काढणारा माणूस फोटोत नसतो, म्हणून त्याचं नाव तर लिहायलाच हवं. (आमच्या घरच्या निम्म्या फोटोंत हे नाहीत, ते याच कारणाने.) मी नातीला नियम घालून दिला. एका पानाला पाच ओळी, मराठीत, पेनाने. अक्षर कसंही चालेल. तिने तोंड वाकडं केलं, मराठी टाइप करून प्रिंट काढू का म्हणाली. मी नाही म्हटलं. पंचवीस वर्षांनी तिच्या मुलांना तिचं आठवीतलं अक्षर बघायला मिळेल, ते प्रिंटमध्ये कुठून मिळणार?

एका कागदावरून मात्र आमची खरी ओढाताण झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी तेव्हा साताऱ्याला आत्याकडे राहून मॅट्रिकच्या वर्गात शिकत होते, घर पाटण तालुक्यात. सोमवारी पहाटे सव्वाचारच्या सुमाराला आम्ही सगळे अंगणात आलो ते उजाडेपर्यंत घरात गेलोच नाही. आणि मग गावाकडची बातमी नाही. चार दिवस. पाचव्या दिवशी वडिलांचं पोस्टकार्ड आलं. ‘सर्व सुखरूप. गोठ्याची भिंत गेली. म्हैस वाचली. येण्याची घाई करू नये. अभ्यास चुकवू नये.’ ते कार्ड नातीला वहीच्या पहिल्या पानावर हवं होतं, भोवती वाशी टेपची चौकट, कोपऱ्यात कागदी फूल. तिची हौस मला मोडवत नव्हती, पण मी ठाम राहिले. जो कागद दुसरा मिळणार नाही त्याला डिंक लावायचा नाही. पोस्टकार्डाला दोन्ही बाजू असतात. एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला पत्ता, पोस्टाचा शिक्का आणि शिक्क्यातली तारीख. चिकटवलं की एक बाजू कायमची मेली. शेवटी दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स काढली, ती वहीत लागली, फूलही लागलं. मूळ कार्ड हातकागदाच्या पाकिटात घालून माझ्या कपाटात. कालनिर्णयच्या पानाचंही तसंच होतं, मागे पाककृती आहे. लेक तर मूळ पानच पुण्याला घेऊन गेली, वहीत झेरॉक्स आहे. ती मोठी असल्यामुळे घडी घालून, वरच्या कडेला अर्धा इंच डिंक लावून, खिडकीच्या पडद्यासारखी उचलता येईल अशी बसवली.

मंडळी, इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी त्या ७९९ रुपयांच्या खोक्याच्या विरोधात आहे. तसं अजिबात नाही. माझ्या नातीला मी गेली तीन वर्षं म्हणते आहे, आजीआत्याजवळ जरा बस, त्यांना जुनं विचार. आजीआत्या म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. वय ८६. हे गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. वन्संना अलीकडे सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. डॉक्टरांनी त्याला जे नाव आहे ते सांगितलं, ते इथे लिहायची गरज नाही. मुलं त्यांच्याजवळ बसायला कंटाळतात, कारण त्या तेच तेच विचारतात. पण ती रिळं, ते शिक्के, ती नक्षीदार कात्री टेबलावर पसरली तेव्हा वन्सं आपणहून खुर्ची ओढून आल्या. टेप कापून द्यायचं काम त्यांनी घेतलं. एकसारखे तुकडे कापायच्या, पट्टीने मोजून, आणि टेबलाच्या कडेला ओळीने चिकटवून ठेवायच्या. सलग आठ दिवस. नात एकेक जुना फोटो पुढे करायची आणि वन्सं न बघितल्यासारखं बघून नाव सांगायच्या. माझ्या सांगण्याने जे तीन वर्षांत झालं नाही ते त्या बारा रिळांनी केलं. म्हणून मी म्हणते, सामान नवं आणा, रंगीत आणा, मुलांचा हात त्याकडे वळू दे. फक्त ते कशावर लावायचं, ते घरातून काढा.

त्या आठ दिवसांत सत्तावीस फोटोंच्या मागे नावं लिहून झाली. मऊ पेन्सिलीने, फार न दाबता, कारण पेनाने दाबून लिहिलं की पुढे वळ उमटतो. त्यातले निदान दहा फोटो असे, की वन्सं सोडून ते ओळखणारं आज कुणी नाही. मी या घरात १९७५ मध्ये आले, त्याआधीचं मला काय ठाऊक? कधी कधी वन्सं एकाच बाईचं सोमवारी एक नाव सांगायच्या, गुरुवारी दुसरं. नातीने दोन्ही लिहिली आणि पुढे वार घातला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी फक्त मान हलवली, पण मनातल्या मनात वर्गात देते तसा शेरा दिला.

आता नातेवाईक मंडळींना एक विनंती. एक फोटो राहिला आहे. सात बायका, संगम माहुलीचा घाट, नदीला पाणी कमी. वन्सं त्यात उजवीकडून पहिल्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या, म्हणजे साल १९५७ च्या आसपासचं असावं. पाच जणी ओळखल्या. डावीकडून तिसऱ्या आणि पाचव्या बाई कोण ते लागत नाही. तिसऱ्या बाई उंच, नऊवारी, हातात पितळी गडू. पाचव्या बाईंच्या कडेवर मूल आहे आणि त्यांनी तोंड वळवलं आहे. सोमवारी वन्सं त्यांना ‘कराडची’ म्हणाल्या, गुरुवारी काहीच बोलल्या नाहीत, फोटोवरून बोट फिरवत राहिल्या. कराडकडच्या मंडळींनी आपापल्या घरी विचारून पाहावं. मूळ फोटो मी कुणाला देणार नाही, झेरॉक्स पाठवते. आणि वन्संशी बोलायचं असेल तर सकाळी दहा ते साडेअकरा या वेळात फोन करा. त्या वेळी त्यांचं डोकं स्वच्छ असतं.